चॅट्सवर्थची पागा

चॅट्सवर्थची पागा : इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा चॅट्सवर्थ हाउस हा वाडा आहे. त्याची ही अठराव्या शतकातील अश्वशाळा. वाड्याच्या ईशान्येला, चढावर ती उभी आहे. नवख्या माणसाने हिलाच वाडा समजावे, असा तिचा थाट.

चौथे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश 1756-57 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते. वाड्याकडे येणारी वाट पूर्वेऐवजी पश्चिमेकडून, डरवेंट नदी ओलांडून यावी, असे त्यांच्या मनात आले. पश्चिमेचा देखावा मोकळा करण्यासाठी जुन्या पागा आणि कचेऱ्या पाडल्या गेल्या. एन्झर गावातली नजरेआड न होणारी घरेही त्यात गेली. आखीव बागा मोडून माळ आणि झाडांचा ‘नैसर्गिक’ परिसर रचायचे काम उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउन यांच्याकडे होते, तर नदीवरचा पूल आणि नवी पागा वास्तुशिल्पी जेम्स पेन यांच्याकडे. पागेचे काम 1758 च्या सुमारास सुरू होऊन पुढच्या दशकात पुरे झाले. चौथे ड्यूक 1764 मध्येच वारले.

इमारत चौसोपी आणि दुमजली आहे. प्रत्येक बाजू सुमारे 190 फूट, मधे प्रशस्त चौक आणि चारही कोपऱ्यांवर बुटके मनोरे. सारा डौल मात्र दरवाजात एकवटला आहे. तेथे चार डोरिक, म्हणजे प्राचीन ग्रीक घडणीचे, खांब आहेत, त्यांवर मधूनमधून खडबडीत दगडाचे पट्टे. वरच्या त्रिकोणी शिखरपट्टीत घराण्याचे भलेमोठे कुलचिन्ह कोरले असून त्यातल्या दोन पूर्णाकृती हरणांना खरीखुरी शिंगे बसवली आहेत. त्याच्याही वर घड्याळाचा मनोरा आणि छोटा घुमट. चंदीच्या आणि खराऱ्याच्या वेळा पाळणाऱ्या पागेला घड्याळ हवेच. पण एवढा दरवाजा घोड्यांसाठी नव्हता, तो पाहुण्यांसाठी होता. त्या काळी बग्गी, शिकार आणि शर्यत या तिन्हींचा भार घोड्यांवरच असल्याने मालकाची ऐपत पागेवरूनही जोखली जाई.

आत 80 घोड्यांची ठाणी होती आणि नालबंदाची भट्टीही चौकातच होती. वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि मोतद्दार, गाडीवान व त्यांच्या हाताखालच्या पोरांच्या राहण्याच्या खोल्या. एका खोलीच्या दारावर ‘थर्ड पोस्टिलियन’ ही अक्षरे रंगवलेली राहिली आहेत. पोस्टिलियन म्हणजे बग्गीला जुंपलेल्या घोड्यावरच बसून ती हाकणारा नोकर. असा तिसरा माणूसही ठेवला होता आणि त्याचे दारही ठरलेले होते, यावरून नोकरांची उतरंड किती काटेकोर असेल याची कल्पना येते. 1830 च्या दशकात सहाव्या ड्यूकांनी पागेमागे बग्गीखाना बांधला.

मोटारी आल्या तशी ठाणी रिकामी होत गेली. शेवटचे घोडे 1939 मध्ये गेले. पुढे तेथे गोदाम आणि गॅरेज होते. मोतद्दारांच्या खोल्यांची घरे करून ती वाड्यातील कर्मचाऱ्यांना व निवृत्तांना देण्यात आली. 1990 च्या दशकापासून बग्गीखान्यात उपाहारगृह चालते आणि पागेत दुकाने आहेत. या बदलातही चौकाची मूळ घडण बरीचशी शाबूत राहिली. आज ही इमारत इंग्लंडच्या वारसायादीत पहिल्या श्रेणीत आहे.

याच घराण्याची दुसरी पागा जवळच्या बक्स्टन गावी आहे आणि तिचे दैव अधिक विलक्षण. पाचव्या ड्यूकांनी 1780 च्या दशकात ती यॉर्कच्या जॉन कार यांच्याकडून बांधून घेतली. बाहेरून अष्टकोनी, आत गोल चौक, आणि सोय सुमारे 110 घोड्यांची. तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती होती. एकोणिसाव्या शतकात तिचे रुग्णालय झाले आणि 1881 मध्ये घोडे फिरवायच्या त्या चौकावर सुमारे 44 मीटर व्यासाचा घुमट चढला. एवढ्या मोठ्या घुमटाला मधे कोठेही आधार नाही. रुग्णालय बंद झाल्यावर ती वास्तू डर्बी विद्यापीठाकडे आली.