भाटातला साग पाडायचा आहे? आधी एक-चौदा काढून बघा

घराचे छप्पर बदलायचे आहे, दारा-खिडक्यांना लाकूड हवे आहे आणि घरामागच्या भाटात (बागायतीत) आजोबांनी लावलेले साग उभे आहेत. वखारीतला भाव ऐकून आल्यावर कुणालाही वाटते, आपलीच आठ-दहा झाडे पाडू की. त्याला परवाना लागतो हे बहुतेकांना माहीत असते. अर्ज परत येतो तो झाडांमुळे नव्हे, हे मात्र माहीत नसते. ओळखीपाळखीचे लोक असे अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांतले जे अडकले ते जवळजवळ सगळे जमिनीच्या कागदावर अडकले. एक-चौदा म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्काचा उतारा.

कायदा आहे ‘गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४’. झाड तुमच्या खाजगी जमिनीत असले, तुम्हीच लावलेले असले, तरी तो लागू होतो. परवानगी देणारा वृक्ष अधिकारी म्हणजे वनखात्याचा उपवनसंरक्षक. उत्तर गोव्यासाठी त्याचे कार्यालय फोंड्यात, दक्षिणेसाठी मडगावात. पंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे परवानगी नव्हे. सरपंच सही देतो, लोक खुशीत कुऱ्हाड घेऊन जातात आणि मग पंचनामा होतो.

‘तोडणे’ या शब्दाचा कायद्यातला अर्थही आपल्या समजुतीपेक्षा मोठा आहे. झाड उपटणे, जाळणे, फांद्या छाटून बोडके करणे, बुंध्याची साल गोल काढून वाळवणे, हे सगळे त्यात येते. शेवटचा प्रकार हुशारीचा समजला जातो. साल काढायची, वर्षभर थांबायचे आणि ‘वाळलेले झाड’ म्हणून अर्ज करायचा. पाहणीला येणारा वनरक्षक बुंध्याकडेच आधी बघतो. खरोखर वाळलेल्या, किडलेल्या किंवा वादळात मोडलेल्या झाडाला परवानगी तुलनेने सहज मिळते. ती सवलत अशा उद्योगात घालवू नका. माडाचेही तेच. २०१६ मध्ये माडाला ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळले होते, पण २०१७ मध्ये तो परत आत आला. जुन्या बातमीवर विसंबून माडाला हात लावणारे अजून भेटतात.

आता पहिला खरा अडथळा: तुमचे रान ‘खाजगी वन’ म्हणून धरले गेले आहे का? सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ठरवले की मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगल. त्यानंतर गोव्यात आधी सावंत आणि मग करापूरकर समितीने खाजगी वने शोधली, पुढेही समित्या झाल्या. निकष तीन आहेत. झाडांपैकी ७५ टक्के वनजातीची, म्हणजे माट, किंदळ, जांभूळ अशी असावीत. छत्राची दाटी ०.४ पेक्षा कमी नसावी, म्हणजे किमान ४० टक्के जमीन झाडांच्या फांद्या-पानांखाली झाकलेली असावी. आणि जागा सरकारी जंगलाला लागून असावी, सुटी असल्यास किमान ५ हेक्टरांची असावी. ही दाटी आणि हे क्षेत्रफळ आणखी खाली आणावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली.

इथे लोक ५ हेक्टर हा आकडा चुकीचा वाचतात. ‘माझे भाट दोन हेक्टरांचे, मग मला काय त्याचे?’ हे ५ हेक्टर तुमच्या सर्व्हे नंबराचे नसून सलग रानाचे आहेत. तुमचे दोन, शेजाऱ्याचे दोन, पलीकडच्याचे दीड, मध्ये मोकळी जागा नाही, म्हणजे झाले साडेपाच. सरकारी जंगलाला चिकटून असाल तर क्षेत्रफळाचा प्रश्नच उरत नाही. काजूची लागवड असलेल्याने घाबरायचे कारण सहसा नसते, कारण काजू वनजातीत धरत नाहीत. पण काजूत दहा वर्षे कोयता फिरला नसेल आणि माट-किंदळ वर आले असतील, तर ते रान पाहणाऱ्याला बागायत वाटणार नाही. दरवर्षी झुडपे साफ करणे हे चांगल्या पिकाइतकेच याही कारणासाठी करावे.

म्हणून अर्जाआधी आपला सर्व्हे नंबर लिहून उपवनसंरक्षकांना साधे पत्र द्या आणि तो खाजगी वनाच्या यादीत आहे का ते लेखी विचारा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा. तोंडी ‘काही नाही, करा अर्ज’ यावर जाऊ नका. यादीत नाव निघाले तर हा साधा अर्ज तुमच्या कामाचा नाही. तिथली तोड केंद्राने मंजूर केलेल्या कार्य योजनेप्रमाणेच होऊ शकते. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीत किंवा काठावर जमीन असेल, तर हे पत्र न देता एक पाऊलही टाकू नका.

दुसरा अडथळा एक-चौदा. उतारा नवा काढा, तो मिळायला वेळ लागत नाही. त्यावरचे नाव बघा. दहातल्या सात वेळा तिथे आजोबा असतात, वारून वीस वर्षे झालेले. झाड तोडायला मालकाची संमती हवी आणि मालक तर वर गेलेला. मग सुरू होते गोव्याचे खास प्रकरण. इथे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वाटेने वारसा जातो. मुलींचा वाटा मुलांइतकाच, आणि लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक. म्हणजे वारस फक्त तुम्ही तिघे भाऊ नाही. सांगलीला दिलेली आत्या आणि तिचे यजमान, मुंबईच्या काकांची दुसरी पत्नी, या सगळ्यांच्या सह्या आल्या. बायकोची सही कशाला, असे विचारणारे मी पुष्कळ पाहिले. अर्जावर तिची सही नसल्याने परत आलेली फाइल त्यांच्याच हातात असते.

यावर उपाय आहे, फक्त वेळखाऊ. विशेष नोटरीपुढे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, करायचे (जुनी माणसे त्याला हाबिलितासांव म्हणतात), वाटणी हवी असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी) करायची, आणि मग मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरच्या नावाचा फेरफार. यात महिने जातात, कुणी हरकत घेतली तर वर्षेही. छप्पर पावसाआधी व्हायला हवे असेल, तर या कामाची सुरुवात आदल्या वर्षीच्या चवथीला करायला हवी होती. तोवर सर्व वारसांची नोटरी केलेली संमतिपत्रे आणि मृत्यूचे दाखले जोडून अर्ज पुढे सरकतो का, हे कार्यालयात विचारून बघा. कधी सरकतो, कधी नाही. कारण लेखी मागा.

नावाच्या स्पेलिंगचाही त्रास असतो. जुन्या दस्तात पोर्तुगीज वळणाने ‘सी’ घालून लिहिलेला गावकर आधार कार्डावर ‘के’ घालून असतो. कारकुनाच्या लेखी ती दोन माणसे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा, दुसऱ्या फेरीची वाट बघू नका.

एक-चौदावर कुळाच्या नावाचा आणि ‘इतर हक्क’ असे रकाने असतात. त्यांत कूळ किंवा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) नोंदला असेल तर त्याच्याशी आधी बोला. भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणतो जमीन माझी, कूळ म्हणते झाडे मी राखली. दोघांचे खरे असते आणि वृक्ष अधिकारी तो वाद सोडवत नाही, फाइल बाजूला ठेवतो. जमीन कोमुनिदादीची (गावसंस्थेच्या सामाईक मालकीची) किंवा आल्वारातली (सरकारने कसायला दिलेली) असेल तर तुमचा ताबा कितीही जुना असो, तुम्ही मालक म्हणून अर्ज करू शकत नाही. सत्तरी तालुक्यात मोकाशाच्या (जुन्या इनामदाराच्या) जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे सांगताना मला स्वतःलाच वाईट वाटते, पण खोटी आशा देऊन काय उपयोग?

एवढे झाले की बाकीचे सोपे: अर्ज, ओळखपत्र, सर्व्हे प्लॅनची प्रत आणि झाडांची यादी. यादीत जात, संख्या, घेर आणि कारण लिहायचे. वनखाते साधारण छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजते. अर्जाच्या नमुन्यात वेगळी उंची दिली असेल तर तिथेच मोजा. प्लॅनवर झाडांची जागा लाल पेनाने दाखवा आणि झाडावर रंगाचा पट्टा ओढा. कोयत्याचा घाव घालू नका, तो तोडीचा प्रयत्न दिसतो. मेरेवरचे, म्हणजे हद्दीवरचे, झाड असेल तर शेजाऱ्याची सही घ्या.

कारण लिहिताना सरळ लिहा. ‘स्वतःच्या घराच्या दुरुस्तीसाठी’ हे पुरेसे आहे. साग दाट झाला म्हणून विरळ करायचा असेल तर तसे सांगा. दोन-दोन मीटरवर लावलेल्या सागाची हेक्टरी २,५०० झाडे होतात. तेवढी उभी ठेवली तर सगळीच काठीसारखी उंच वाढतात आणि एकही जाड होत नाही. पहिल्या विरळणीत तिरक्या ओळी धरून एक सोडून एक काढतात, पुढे वाकडी आणि दबलेली. कोणती झाडे ठेवणार तेही यादीत लिहिले तर पाहणीला आलेल्या माणसाला तुमचा हेतू कळतो.

झाड घरावर कलले असेल तर या रांगेत उभे राहू नका. धोकादायक झाडासाठी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, फोटोसह.

परवानगीचा आदेश आला की पहिले पान सोडून अटी वाचा. मुदत तिथे असते. आदेशाच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हाती कागद पडला त्या दिवसापासून नव्हे. एका गृहस्थाने पाऊस संपल्यावर तोडू म्हणून आदेश कपाटात ठेवला. दसऱ्याला बाहेर काढला तेव्हा मुदत गेलेली होती आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

आणि तोडण्याची परवानगी म्हणजे नेण्याची नव्हे. ओंडके भाटातून हलवायला वाहतूक परवाना वेगळा लागतो. वनरक्षक मोजमाप घेऊन हातोड्याचा शिक्का मारतो, मग परवाना. सॉ मिलवाला त्याशिवाय ओंडका आत घेत नाही, आणि घेतला तर त्याच्यापासून लांब राहा. परवान्यावर वाहनाचा नंबर आणि तारीख असते. टेंपो बदलला तर आधी कागद बदलून घ्या. नाक्यावर ‘माझ्याच घरी नेतोय’ हे ऐकून कुणी सोडत नाही.

बदली रोपे लावण्याची अट असते आणि तिच्यासाठी अनामत रक्कम भरून घेतात. रोपे जगली की ती परत मिळते, पण मागितली तरच. बहुतेक जण मागत नाहीत, कारण तोवर चलन हरवलेले असते. ते एक-चौदाच्या फाइलमध्येच ठेवा आणि रोपांचा फोटो दर पावसाळ्यानंतर त्याच फाइलमध्ये घाला.