गाडी टायर खाते की थरथरते? अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगमधला फरक

माझ्या चुलतभावाने पावसाळ्याच्या तोंडावर एक जुनी पिकअप घेतली. मीटरवर १,८६,००० किलोमीटर. वाशीच्या मार्केटात पहाटे भाजीचे क्रेट भरायचे आणि दादरला उतरवायचे, हे तिचं रोजचं काम. व्यवहार झाला तेव्हा आधीच्या मालकाने सांगितलं, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग तेवढं करून घ्या, बाकी गाडीला काही नाही." दादाने पुढे दोन नवे टायर टाकले आणि दोन्ही कामं करून घेतली. चार महिन्यांत ते टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले.

हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, दुकानाच्या पाटीवरही ते जोडीनेच असतात, त्यामुळे ते एकच काम आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे.

बॅलन्सिंग हे एकेका चाकाचं असतं. चाक गाडीतून काढायचं, मशीनवर फिरवायचं, कुठली बाजू जड आहे ते पाहायचं आणि तिच्या विरुद्ध बाजूला रिमला काही ग्रॅमचं वजन ठोकायचं किंवा चिकटवायचं. अलाइनमेंटला मात्र चाकं गाडीला लावलेलीच हवीत, कारण तिथे बघायचं असतं की ती कुठल्या कोनात उभी आहेत आणि एकमेकांना समांतर धावतात की नाही.

काही ग्रॅमने काय बिघडतं, असं वाटेल. १५ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला तो चाकाला जवळजवळ दीड किलोचा हिसका देतो, आणि तोही सेकंदाला साधारण दहा वेळा. वेग निम्मा केला की हिसका चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच सायन ते दादर या गर्दीत बॅलन्स गेलेला कळतच नाही. तोच ड्रायव्हर रात्री रिकामी गाडी घेऊन दहिसर चेकनाक्यापुढे अहमदाबाद हायवेला लागतो आणि सत्तरच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागतं. ठरावीक वेगाला सुरू होणारी आणि त्यापुढे बहुधा कमी होणारी थरथर ही बॅलन्सिंगची मुख्य खूण. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला, तरी असंच होतं. आधी चाक धुऊन बघा.

अलाइनमेंट बिघडली तर सहसा थरथर नसते. गाडी एका बाजूला खेचते, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं, आणि गाडी टायर खाते. त्यातही टायर खाण्याचं सगळ्यात मोठं कारण टो, म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची दोन चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणं. एक चाक अर्धा अंश जरी तिरकं असलं, म्हणजे त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम ६ मिलिमीटरचा फरक असला, तरी दर किलोमीटरला ते टायर आठ-नऊ मीटर आडवं घासत जातं. वाशी ते दादरच्या रोजच्या फेऱ्यांचा हिशेब मांडला की रबर कुठे जातं ते समजतं. टायरवरून तळहात आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर तो टोचा दोष.

पण गाडी खेचते म्हणजे अलाइनमेंटच गेली, असं लगेच धरू नका. आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतार दिलेला असतो, त्यामुळे डावीकडे हलकी ओढ चांगल्या गाडीलाही असते. दोन्ही टायरची हवा सारखी आहे का, एखादं ब्रेक चिकटून चाक तापतंय का, हे आधी तपासा. त्याला पैसे लागत नाहीत.

आता दादाच्या टायरांकडे येतो, कारण जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. दीड-दोन लाख किलोमीटर खड्ड्यांतून गेलेल्या पिकअपमध्ये टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) सैल झालेले असू शकतात. पुढे अखंड एक्सल असेल तर बॉल जॉइंटच्या जागी किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक वळतं ती खीळ, झिजतात. गाडी मशीनवर स्थिर उभी असताना मेकॅनिक टो अगदी बरोबर लावतो, स्क्रीनवर आकडे हिरवे होतात. पण पिकअपला ढकलतात मागची चाकं. गाडी चालू लागली की पुढच्या चाकांना रस्त्याचा विरोध मागे रेटतो, सांध्यात जितका प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तितकी ती बाहेर फाकतात आणि टायर आतल्या कडेने जातं. मशीनवरचे आकडे खरे होते, ते रस्त्यावर टिकले नाहीत.

म्हणून आधी पुढचा भाग जॅकवर घ्या आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड लावा. चाक वरखाली धरून हलवा: खडखड झाली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. मग डावी-उजवीकडून धरून हलवा: तिथली खडखड बहुतेक टाय रॉड एंडची. मदतीला एक माणूस खाली वाकून नेमका कुठला सांधा हलतो ते पाहील तर उत्तमच. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसलेत का, त्यांचे बुश (टोकांच्या सांध्यातली नळी) संपलेत का, हेही त्याच वेळी बघा. नंतर चाक हाताने फिरवून रिम डुलते का पाहा. खड्ड्यात वाकलेल्या रिमला कितीही वजनं ठोकली तरी ती सरळ होत नाही. सैल भाग बदलल्यानंतर बॅलन्सिंग करा आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण टाय रॉड एंड बदलला की टो पुन्हा लावावाच लागतो.

थरथरीबद्दल आणखी एक. ती स्टीअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं बघा. सीटखाली, फरशीत जाणवत असेल तर मागची चाकं, आणि पिकअपला प्रोपेलर शाफ्टसुद्धा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा. क्लच सोडताना खालून 'टक' असा आवाज येत असेल, तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा, तपासून घ्या. चारही चाकांचं बॅलन्सिंग करूनही ती थरथर जाणार नाही.

दादाच्या गाडीचे दोन्ही टाय रॉड एंड आणि डावीकडचा खालचा बॉल जॉइंट बदलला. आता तो दर रविवारी, गाडी धुतल्यावर, पुढच्या टायरांवरून तळहात फिरवतो. कडा दोन्ही बाजूंनी सारख्याच लागतात.