रेडिओचा सेट बाळगायलाही लायसन: लहरींच्या परवानगीची पार्श्वभूमी
माणदेशातल्या म्हसवडसारख्या गावातून कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र, ऐकू येतो, त्यामागे कागदांचा मोठा गठ्ठा असतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाचं इरादापत्र, म्हणजे परवानगी द्यायची तयारी कळवणारं पत्र, हातात पडलं म्हणजे काम झालं असं नाही. फ्रिक्वेन्सी मिळवायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडे जायचं. मनोऱ्याच्या जागेला 'सॅकफा' या सरकारी समितीची मंजुरी घ्यायची, म्हणजे तो विमानांच्या वाटेत येत नाही ना, दुसऱ्या कुणाच्या यंत्रणेत खरखर करणार नाही ना, हे तपासलं जातं. मग मंत्रालयाशी करार, आणि सरतेशेवटी वायरलेस ऑपरेटिंग लायसन. हे सगळं साधारण 100 वॉटच्या प्रक्षेपणासाठी आणि जास्तीत जास्त 30 मीटरच्या मनोऱ्यासाठी!

याचं मूळ 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात आहे. तेव्हा रेडिओ जन्मालाही आला नव्हता. तारायंत्रावर हक्क फक्त सरकारचा, इतरांनी परवाना घ्यावा, असं त्याचं चौथं कलम सांगत होतं. पुढे बिनतारी यंत्रणा आली, तीही याच कलमाखाली गेली.

मुंबईत 1923 मध्ये रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण केलं. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. श्रोत्याने वर्षाला 10 रुपये भरायचे, त्यावर कंपनी चालायची. फुकट ऐकणारे मात्र पुष्कळ. तीन वर्षांत कंपनी बुडाली, प्रसारण सरकारच्या गळ्यात आलं आणि चुकवेगिरीचा फटका थेट तिजोरीला बसू लागला. म्हणून 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. परवान्याशिवाय सेट जवळ असणं हाच गुन्हा. या कायद्याला लोक सुरक्षेचा कायदा समजतात. मला तो आधी वसुलीचाच वाटतो.

सुरक्षेचा धाक युद्धाबरोबर आला. 1939 मध्ये हॅम मंडळींचे, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांचे, परवाने रद्द झाले. 1942 च्या ऑगस्टमध्ये 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत 42.34 मीटर लहरलांबीवर गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवू लागले. नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले.

स्वातंत्र्यानंतर कायदे तेच राहिले. 1952 मध्ये डब्ल्यूपीसी शाखा आली. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात जायचं, छोट्या पुस्तकात वर्षाचं तिकीट चिकटवून घ्यायचं. जुन्या ट्रंकेत अजून अशी पुस्तकं सापडतात. ऐकणाऱ्याची ही कटकट 1980 च्या दशकात सुटली, बोलणाऱ्याची नाही.

खरा धक्का क्रिकेटने दिला. 1993 च्या हीरो कपचं प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिलं, दूरदर्शनशी वाद झाला आणि उपकरणं मुंबईत कस्टम्सने अडवली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी 1995 मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. मात्र त्यांचं नियमन हवं. या 'मात्र'मध्ये सगळी कचेरी शाबूत राहिली. खासगी एफएम आलं ते लिलावातून, कम्युनिटी रेडिओ आधी 2003 मध्ये शिक्षणसंस्थांना मिळाला आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना.

1885 आणि 1933 या दोन्ही कायद्यांची जागा घ्यायला 2023 चा दूरसंचार कायदा आला. त्यात स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचे पट्टे, लिलावाने देणं हा नियम आहे आणि ज्या वापरांना ते विनालिलाव द्यायचे त्यांची वेगळी अनुसूची, म्हणजे यादी. कम्युनिटी रेडिओ त्या अनुसूचीत आहे.