जलनेती

जलनेती : कोमट मिठाचे पाणी एका नाकपुडीतून आत सोडून दुसरीतून बाहेर काढण्याची नासाशुद्धीची क्रिया. हठयोगातील षट्कर्मांपैकी (सहा शुद्धिक्रियांपैकी) ‘नेती’ या कर्माचा ती एक प्रकार मानली जाते. हटत नसलेली सर्दी, सायनसचा (नासाकोटरांचा) दाह आणि त्यापायी कानांना बसणारे दडे यांवर वाफारा, ओव्याची पुरचुंडी, सुंठेचा लेप यांच्या जोडीने ती आता घरोघरी केली जाते.

उगमाविषयी मतभेद आहेत. हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात (साधारणतः पंधरावे शतक) नेतीला दोनच श्लोक दिले असून ते सूत्रनेतीचे आहेत : वीतभर लांबीचे सुस्निग्ध सूत नाकात घालून तोंडावाटे काढावे, त्याने कपालशुद्धी होते, दिव्यदृष्टी लाभते व जत्रूच्या वरचे, म्हणजे मान आणि डोके यांचे रोग जातात. पाण्याचा उल्लेख तेथे नाही. घेरंडसंहितेतही (बहुधा सतराव्या शतकाचा उत्तरार्ध) नेती सुताचीच आहे. मात्र याच ग्रंथात कपालभातीचे तीन प्रकार सांगितले असून त्यांपैकी व्युत्क्रमात नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकायचे, तर शीत्क्रमात तोंडाने घेऊन नाकाने सोडायचे असते. जलनेतीचे मूळ हठग्रंथांतच शोधायचे, तर ते नेतीपेक्षा या कपालभातीत सापडते. आयुर्वेदाच्या बाजूने पाहता भावमिश्राच्या भावप्रकाशात (सोळावे शतक) पहाटे नाकाने पाणी पिण्याचा विधी आहे आणि त्याचे फळ म्हणून गरुडासारखी दृष्टी सांगितली आहे. नेतीच्या दिव्यदृष्टीशी असलेले हे साम्य योगायोगाचे वाटत नाही. नस्याशी मात्र जलनेतीची गल्लत करू नये. नस्यात औषधी तेल किंवा रस थेंबांनी नाकात सोडतात, तो धुण्याचा प्रकार नव्हे. तोटीच्या लोट्याने एका नाकपुडीतून दुसरीत धार नेण्याची आजची पद्धत वरील तिन्ही ग्रंथांत या स्वरूपात आढळत नाही. सूत्रनेतीला सोपा पर्याय म्हणून ती पुढे रूढ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. लोणावळ्याचे कैवल्यधाम (स्थापना १९२४) आणि मुंगेरचे बिहार योग विद्यालय यांच्या शिक्षणक्रमांमुळे ती विसाव्या शतकात सर्वदूर पोहोचली.

कृती : अर्धा लिटर पाण्यात चहाचा सपाट पाऊण चमचा (सु. ४.५ ग्रॅ.) बारीक मीठ घातले की द्रावण शरीरातील द्रवांइतके, म्हणजे ०.९ टक्के खारट होते. मीठ कमी पडले की नाक झोंबते, पोहताना पाणी नाकात गेल्यावर झोंबते तसेच. वाकून मान एका बाजूला कलवावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा व तोटी वरच्या नाकपुडीला लावावी. पाणी नासापटलाच्या (दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या) मागून वळसा घेऊन खालच्या नाकपुडीतून गळू लागते. शेवटी ओणवे होऊन हलक्या उच्छ्वासांनी नाक कोरडे करावे. गालाच्या कोटराचे तोंड त्याच्या तळाशी नसून वरच्या बाजूला असते, त्यामुळे आत शिरलेले थोडे पाणी कधीकधी तासाभरानेही खाली वाकताच अचानक टपकते.

कानाशी संबंध : मध्यकर्ण व नाकामागचा घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका प्रौढांत सु. ३५ मिमी. लांब असते. तिचे घशाकडील तोंड सुजले की मध्यकर्णातील हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो व दडे बसतात. नाक मोकळे झाल्याने सूज ओसरली तर दडे सुटू शकतात. नेतीनंतर एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरल्यास मात्र तेच पाणी व शेंबूड कानाकडे ढकलला जातो. मळाने बसलेल्या दड्यांवर नेतीचा उपयोग नाही.

परिणामकारकता : इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट किंवा वारंवार होणाऱ्या सायनसच्या त्रासात नाक धुण्याचा माफक फायदा दिसला. वाफाऱ्याने डोकेदुखीखेरीज फारसा फरक पडला नाही, हे आपल्याकडील वाफाऱ्यावरच्या श्रद्धेला न रुचणारे आहे. त्याच वर्षीच्या कॉक्रेन समीक्षेला (वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित आढाव्याला) जुनाट विकाराबाबत जेमतेम दोन चाचण्या (११६ रुग्ण) मिळाल्या व पुरावा कमी दर्जाचा ठरला.

धोके : २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया फाउलेरी या अमीबामुळे मेंदूदाह होऊन मृत्यू झाला. हा जीव कोमट गोड्या पाण्यात वाढतो. पोटात गेल्यास तो अपाय करत नाही. नाकावाटे मात्र गंधतंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतो. म्हणून पिण्याजोगे पाणीही १ मिनिट खळखळून उकळून, निववूनच घ्यावे. सु. २,००० मी.च्या वर ३ मिनिटे उकळावे लागते, महाराष्ट्रात कळसूबाईही (१,६४६ मी.) त्या उंचीच्या खालीच आहे. लोटा दरवेळी धुऊन पूर्ण वाळवावा. कान ठणकत किंवा वाहत असताना, नाकातून रक्त येत असताना आणि नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय सल्ल्यावाचून नेती करू नये. डोळ्याभोवती सूज, तीव्र ताप किंवा मान ताठणे ही लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.