नखीची निवड : आयरिश आणि केल्टिक पारंपरिक संगीतात

टेनर बँजो, मँडोलिन, बुझुकी, सिटर्न (बुझुकीसारखेच तारांच्या जोड्यांचे वाद्य) आणि गिटार या वाद्यांवर केल्टिक परंपरेतल्या नाचाच्या सुरावटी वाजवताना तार छेडण्यासाठी हातात धरायच्या पातळ पत्रीची, म्हणजे नखीची, जाडी, द्रव्य, टोक आणि पकड ठरवण्याची रीत. गिटार वाजवणारे तिला पिक किंवा प्लेक्ट्रम म्हणतात. सतारीची नखी, म्हणजेच मिजराफ, तारेची बनवलेली असते आणि तर्जनीत घालतात. ही नखी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायची असते. त्यामुळे ती सरोदवादकाच्या हातातल्या, नारळाच्या करवंटीपासून घडवलेल्या जव्याला अधिक जवळची आहे.

‘केल्टिक’ या शब्दात आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत एवढ्यांचे संगीत धरतात. वादक स्वतः मात्र आयरिश, स्कॉटिश, ब्रेतों असेच म्हणतात. या नोंदीत भर आयरिश संगीतावर आहे, कारण नखीचा प्रश्न सर्वांत अडतो तो आयरिश टेनर बँजोवर. त्या वाद्यावर जुळलेली नखी इतर वाद्यांवर थोड्या फरकाने निभावते. उलट दिशेने तसे घडेलच असे नाही.

नखापासून नखीपर्यंत

आयर्लंडमधले जुने मानाचे तंतुवाद्य म्हणजे धातूच्या तारांची हार्प. ती नखांनीच वाजवत. १७९२च्या जुलैमध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला. तिथे सुरावटी उतरवून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुण ऑर्गनवादकाकडे होते. जमलेल्या वादकांत नव्वदी ओलांडलेला अंध डेनिस हेम्पसन तेवढा वाढवलेल्या, वाकड्या नखांनी जुन्या पद्धतीने वाजवत होता, अशी नोंद बंटिंगने केली आहे. पुढे ती परंपरा खंडित झाली. आजचे नखीचे वादन त्या हार्पपासून आलेले नाही. ते आले अमेरिकेच्या वाटेने, बँजोबरोबर. तरीही दोन्हींची तुलना उपयोगी पडते. हार्पची पितळी तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते आणि वादकाला ती बोटाने दाबून थांबवावी लागते. बँजोवर याच्या नेमके उलटे घडते. ताणलेल्या पडद्यावर बसलेली घोडी तारेची कंपने क्षणात खर्च करून टाकते, आवाज टणकन उठतो आणि विरतो. लांब स्वर धरून ठेवायचा तर तो पुन्हा पुन्हा छेडावा लागतो. नखीची सगळी कसोटी इथून सुरू होते.

महाराष्ट्रात लग्नाच्या हळदीला किंवा मिरवणुकीत वाजतो तो ‘बेंजो’ हे वेगळे वाद्य आहे. ते बुलबुल तरंगाच्या जातीचे असून त्याच्या कळा डाव्या हाताने दाबायच्या असतात. आयरिश टेनर बँजोला गोल कड्यावर ताणलेले पातळ आवरण, लांब मान आणि चार तारा असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमधल्या आयरिश स्थलांतरितांच्या वाद्यवृंदांत तो रुळला. फ्लॅनगन बंधूंच्या १९२०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत तो स्पष्ट ऐकू येतो. आयर्लंडमध्ये त्याला घराघरांत नेले ते ‘द डब्लिनर्स’ या वाद्यवृंदातल्या बार्नी मकेना (१९३९–२०१२) यांनी. बँजो फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, बरोबर एक सप्तक खाली, जी-डी-ए-ई या स्वरांत मिळवायची रीत त्यांच्यामुळे सर्वमान्य झाली. फिडलची प्रत्येक सुरावट त्याच बोटांनी बँजोवर वाजू लागली. फिडलचा गज मात्र उजव्या हातात नव्हता. गजाने एका ओढीत दोन-तीन स्वर जोडता येतात आणि त्यांना खटका देता येतो. ते काम नखीवर आले.

तीन आघात

फिडलवादक किंवा बासरीवादक ज्या जागी बोटाचा खटका किंवा गजाचा झटका देतो, त्या जागी बँजोवादक एकाच स्वरावर तीन झपाट्याचे आघात करतो. याला इंग्रजीतल्या नावावरून ट्रिपलेट म्हणतात. प्रत्यक्षात हे तीन आघात सारख्या अंतरावर क्वचित पडतात. बहुधा पहिले दोन चिकटून येतात आणि तिसरा जरा मोकळा राहतो. आयरिश बँजोची ओळख या अलंकारात आहे, आणि नखी निवडायची ती याच्यासाठी, असे या वाद्याचा अभ्यास केलेल्या कुणालाही मान्य व्हावे.

वेगाचा हिशेब मांडून पाहिला तर कारण कळते. रील या नाचप्रकारात एका आवर्तनात दोन ठोके आणि आठ स्वर असतात. मिनिटाला ११० ठोके ही बैठकीतली नेहमीची गती धरली तर सेकंदाला सात स्वर पडतात. त्यात ट्रिपलेट आला की तेवढ्या क्षणापुरता हात सेकंदाला अकरा आघातांच्या वेगाने जातो. एवढ्या वेगात ताठ, जाड नखी तारेत अडकते. मनगट तिला ओढून काढते, आघात उशिरा पडतो आणि पुढचा ठोका निसटतो. नखी लवचीक असेल तर ती तारेला लागून वाकते आणि स्वतःच सुटते. मनगटाला जोर लावावा लागत नाही. म्हणून बँजोवर नायलॉनच्या ०.६० ते ०.७३ मिलिमीटर जाडीच्या नख्या सर्रास दिसतात.

पण फार पातळ नखीचीही अडचण आहे. ०.४६च्या आसपास तिचा कणा संपतो. ती तारेवर आपटून स्वतःचाच ‘टिक’ आवाज करते, स्वर मागे पडतो आणि ठोक्यावरचा जोर हरवतो. नाचाच्या संगीतात ठोक्यावरचा जोर हा प्राण आहे. सरोदवादक ‘दा’ आणि ‘रा’ यांचे वजन जसे वेगळे ठेवतो, तसे इथे उतरत्या आणि चढत्या आघातांचे वजन वेगळे ठेवायचे असते. उतरता आघात तारेत खोल जातो, चढता हलका राहतो. नखीला हा फरक पेलता आला पाहिजे : ट्रिपलेटमध्ये वाकायचे आणि ठोक्यावर ताठ राहायचे. जाडीचा आकडा शोधण्याआधी ही दोन कामे डोक्यात ठेवली तर निवड सोपी होते.

जिगमध्ये प्रश्न थोडा बदलतो. जिग म्हणजे सहा स्वरांचे आवर्तन, तीन-तीनच्या दोन गटांत. पुष्कळ वादक ते उतरता-चढता-उतरता, उतरता-चढता-उतरता असे वाजवतात. म्हणजे प्रत्येक गटाच्या सांध्यावर दोन उतरते आघात लागोपाठ येतात आणि मधल्या क्षणात हाताला तारेवरून रिकामे परत यावे लागते. काहीजण आघात काटेकोरपणे आलटून-पालटून ठेवतात. त्यांचा हात कमी फिरतो, पण दुसऱ्या गटाचा ठोका चढत्या आघातावर पडतो आणि जिगची झुलती चाल सपाट होण्याचा धोका असतो. पहिली रीत शिकायला जड आहे, तरी नाचाला तीच न्याय देते. या रीतीत नखीचे टोक बोटांबाहेर जास्त आले असेल तर परतताना ते तारेला घासते. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त टोक बाहेर न ठेवणे बरे.

वाद्यागणिक

मँडोलिनवर आठ तारा चार जोड्यांत असतात आणि त्यांचा ताण बराच असतो. दोन्ही तारा एकाच वेळी बोलायला हव्यात. त्यासाठी नखी जरा अधिक ताठ लागते, ०.७३ ते १ मिलिमीटर. अमेरिकन ब्लूग्रास शैलीतले मँडोलिनवादक याहून कितीतरी जाड, दीड मिलिमीटरच्या नख्या वापरतात आणि त्यातून भरीव, गोल स्वर काढतात. आयरिश सुरावटीत इतकी जाड नखी चालवणारे वादकही आहेत, पण त्यांना ट्रिपलेट पूर्णपणे मनगटातून काढावा लागतो.

बुझुकी हे मूळ ग्रीक वाद्य. १९६०च्या दशकाच्या मध्यास जॉनी मॉयनिहान यांनी ते आयरिश संगीतात आणले. पुढे अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांनी १९७२ला स्थापन झालेल्या ‘प्लँक्स्टी’ या वाद्यवृंदात त्याला आयरिश बोलायला शिकवले. लनींनी सपाट पाठीची बुझुकी वापरात आणली, तर ‘डे डॅनन’मधले अ‍ॅलेक फिन ग्रीक घाटाच्या तीन जोड्यांच्या बुझुकीवरच राहिले. बुझुकी मुख्यतः साथीचे वाद्य आहे. स्वरपुंज आणि धावत्या प्रतिसुरावटी यांची वीण तिच्यावर विणली जाते. लांब, बारीक तारांवरून नखी रुंद फिरते, म्हणून मध्यम लवचीक, ०.६ ते ०.८च्या घरातली नखी बरी पडते. मोठी त्रिकोणी नखी इथे सोयीची असते : धरायला जागा भरपूर मिळते आणि एक टोक झिजले की ती फिरवून दुसरे वापरता येते.

गिटारवर काम दोन प्रकारचे. सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी या स्वरांत मिळवून साथ करायची असेल, जी ‘बॉथी बँड’मधल्या मिहाल ओ डोनल यांच्या वादनाने आयर्लंडमध्ये खोल रुजली, तर पातळ नखीने सहा तारांवरून हात सैल फिरवता येतो आणि साथ फिडलवर कुरघोडी करत नाही. ओमा गावचे आर्टी मॅकग्लिन (१९४४–२०१९) किंवा स्कॉटलंडचे डिक गॉकन यांच्यासारखी फिडलची सुरावट गिटारच्या एकेका तारेवर वाजवायची असेल, तर मात्र जाड, ताठ नखी लागते. गिटारच्या खालच्या तारा जाड असतात आणि पातळ नखी त्यांच्यावर नुसती फडफडते.

द्रव्य आणि टोक

एकाच जाडीच्या दोन नख्या दोन वेगळ्या द्रव्यांच्या असतील तर त्या सारख्या वाकत नाहीत. ०.७३ची नायलॉन नखी ०.७३च्या सेल्युलॉइड नखीपेक्षा मऊ लागते. म्हणून ‘मी ०.७३ वापरतो’ एवढ्यावरून दुसऱ्याची नखी घेता येत नाही.

पूर्वी उत्तम नखी म्हणजे कासवाच्या कवचाची. हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरचे हे पत्रे ताठ, गुळगुळीत आणि हळू झिजणारे असत, आणि त्यांच्यासाठी या कासवांची बेसुमार कत्तल झाली. १९७०च्या दशकात आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांचा व्यापार बंद झाला. भारतातही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. जुन्या बाजारात अशी नखी कुणी देऊ केली तरी घेऊ नये. तिचा स्वर कितीही वाखाणला गेला असला, तरी एका नामशेष होत चाललेल्या जिवापुढे त्याचे मोल काहीच नाही.

कवचाची जागा प्रथम सेल्युलॉइडने घेतली. न्यूयॉर्कच्या डी’आंद्रेआ कारखान्यात १९२२पासून सेल्युलॉइडच्या नख्या निघू लागल्या. गोलसर खांद्यांचा आणि एका टोकाचा जो आकार आज जगभर दिसतो, तो त्यांच्याच ३५१ क्रमांकाच्या नमुन्यावरून रूढ झाला. सेल्युलॉइडचा स्वर उबदार असतो, पण त्याची कड लवकर खरबरीत होते. नायलॉन चिवट आणि मऊ असते. ग्लासगोत जन्मून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जिम डनलॉप यांच्या नायलॉन नख्या आयरिश बैठकींत फार दिसतात. त्यांच्यावर उठावाची अक्षरे असतात, त्यामुळे घामट बोटांतूनही त्या निसटत नाहीत. याच कंपनीच्या टॉर्टेक्स नख्या डेलरिन या प्लास्टिकच्या असतात. त्यांचा पृष्ठभाग भुकटी लावल्यासारखा कोरडा असतो आणि जाडी रंगावरून ओळखता येते : नारिंगी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८. डेलरिन नायलॉनहून ताठ असल्याने नायलॉनवरून टॉर्टेक्सवर येणाऱ्याने एक पायरी पातळ घेऊन पाहावी.

टोक अणकुचीदार असेल तर स्वर उजळ आणि टोकदार येतो, गोल असेल तर मऊ. बँजोचा स्वर मुळातच तीक्ष्ण असतो, त्यामुळे काही वादक नखी फिरवून तिच्या गोल खांद्याने वाजवतात. तीच नखी लगेच शांत वाटते. मँडोलिनवरही हा उपाय चालतो. मात्र गोल खांदा तारेवर जास्त वेळ रेंगाळतो आणि द्रुत रीलमध्ये तेवढा क्षण जड होतो.

पारख

नखी दुकानात वाकवून पारखता येत नाही. आपल्या वाद्यावर, आपल्या तारांवर ती लावून पाहावी लागते. तीन जाड्यांच्या नख्या घ्याव्यात, येत असलेली एकच रील प्रत्येकीने आधी संथ, मग बैठकीच्या गतीत वाजवावी आणि मोबाइलवर मुद्रित करावी. वाजवताना नखीचा ‘टिक’ आवाज कानाला मोठा वाटतो, पण चार हात दूर ठेवलेल्या मुद्रणात तो जवळजवळ ऐकूच येत नाही. उलट ट्रिपलेटमधला मधला आघात गिळला जात असेल तर तो मुद्रणातच उघडा पडतो. बँजोवर तारांचे संच बदलले, उदाहरणार्थ वरची ई तार .०१२ इंचाऐवजी .०१३ केली, तर नखी पुन्हा पारखावी.

पकडीचा वाटाही मोठा आहे. घट्ट धरली तर पातळ नखीही ताठ होते. सैल धरली तर जाड नखी बोटांत थोडी हलते आणि लवचीकतेचे काम बोटेच करतात. अनुभवी वादक एकाच सुरावटीत ही पकड आवळतात आणि सैल सोडतात. नवशिक्याचे दुखणे बहुधा नखीत नसून आवळलेल्या अंगठ्यात असते. ट्रिपलेट जमत नाही म्हणून नख्या बदलत राहण्याआधी अंगठा सैल सोडून आठ-पंधरा दिवस वाजवून पाहावे.

नायलॉनची नखी झिजताना तिच्या कडेला बारीक तंतू सुटतात आणि तारेवर खरखर ऐकू येते. नखे घासायच्या बारीक कानशीने कड गुळगुळीत करता येते. दोन-तीन वेळा घासल्यावर मात्र टोकाचा आकारच बदलतो. हाताला बसलेली नखी सापडली की त्याच बनावटीच्या आणि त्याच जाडीच्या डझनभर नख्या एकदम घेऊन त्या आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे सगळ्या सारख्याच झिजतात आणि एक हरवली तरी हाताला फरक जाणवत नाही.