रोग नेमका कुठे असतो?

बायॉप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर गाठीला नाव देत नाहीत, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. युरोपात मात्र शतकानुशतकं रोग अख्ख्या देहाचा मानला जाई: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांचा तोल गेला की माणूस आजारी.

१७६१ मध्ये इटलीतल्या पादुआचे डॉक्टर मोर्गान्यी यांनी सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या आधारे रोगाचं मूळ एकेका अवयवात दाखवलं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते! पुढे पॅरिसमध्ये बिशा हे डॉक्टर अवयवातून ऊतींपर्यंत, म्हणजे अवयव ज्यांचे बनतात त्या थरांपर्यंत, पोहोचले. त्यांनी २१ प्रकारच्या ऊती मोजल्या, त्याही नुसत्या डोळ्यांनी. सूक्ष्मदर्शकावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि तेव्हाच्या भिंगांतून प्रत्येक कडेला रंगीत झालर दिसायची, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. ही झालर १८३० च्या आसपास बरीच आटोक्यात आली.

मग आले जर्मन डॉक्टर फिरखो. १८५८ मधल्या बर्लिनच्या व्याख्यानांत त्यांनी ठासून सांगितलं की पेशी पेशीतूनच जन्मते आणि रोग म्हणजे पेशींचाच बिघाड. पहिला भाग रेमाक या संशोधकाने आधीच मांडला होता. श्रेय मात्र फिरखोंच्या पदरात पडलं. या विचाराने कॅन्सर परका राहिला नाही, तो शरीराच्याच पेशींचा ठरला.

माझ्या मते या इतिहासात रंगांना मान कमीच मिळतो. ऊतीचा पातळ काप भिंगाखाली जवळजवळ रंगहीन असतो. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून काढलेलं हिमॅटॉक्सिलिन लावलं की पेशीकेंद्रकं निळी-जांभळी उठून दिसतात. इओसिन या दुसऱ्या रंगाने भोवतालचा भाग गुलाबी होतो. केंद्रक फुगलंय, वेडंवाकडं झालंय, की दोन-दोन आहेत, हे मग लपत नाही. १८७० च्या दशकातली ही जोडी आजही रोजच्या वापरात आहे.

हॉजकिन यांचंच बघा. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या या डॉक्टरांनी १८३२ मध्ये सुजलेल्या लसिका ग्रंथींच्या सात रुग्णांचं वर्णन केलं, सूक्ष्मदर्शकाशिवाय. पुढे ‘हॉजकिनचा आजार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या लसिका ग्रंथींच्या त्या कॅन्सरची खूण असलेली मोठी पेशी, घुबडाच्या डोळ्यांसारख्या दोन केंद्रकांची, श्टेर्नबेर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये नीट वर्णिली. १९२६ मध्ये हॉजकिन यांच्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या ऊतींपैकी काहींचे काप भिंगाखाली पाहिले गेले. त्यांत हॉजकिनचा आजार सापडला खरा, पण सगळ्यांत नाही.