गॅलियम फक्त चीनमध्येच असतंय का?

परवा दाजी घरी आलेले. ते चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन आहेत, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचं काम बघतात. टीव्हीवर अमेरिका-चीनची बातमी चालली होती, ती बघून म्हणाले, "ते गॅलियम फक्त चीनच्या मातीतच असतंय म्हणं, म्हणून अमेरिका अडकलीय." असं बऱ्याच लोकांना वाटतं, आणि ते साफ चुकीचं आहे. गॅलियम हा धातू जगातल्या जवळपास सगळ्या बॉक्साइटमध्ये, म्हणजे अल्युमिनियमच्या खनिजात असतो, टनामागं साधारण 50 ग्रॅम. कोल्हापूरच्या डोंगरपठारांवरून बेळगावात यमनापूरच्या हिंदाल्कोच्या कारखान्याला वर्षानुवर्षं जे लाल बॉक्साइट ट्रकनं येत आलंय, त्या जातीच्या दगडातच हे लपलेलं असतं.

भांडण काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेनं चीनला प्रगत चिप आणि त्या बनवायच्या मशिनरी द्यायला कडक बंधनं घातली, वर येणाऱ्याचे पाय तिथंच धरायचे म्हणून. चीननं ऑगस्ट 2023 पासून गॅलियम आणि जर्मेनियम या दुसऱ्या मूलद्रव्याच्या निर्यातीला परवाना लावला, डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेला पाठवणं सरळ बंदच केलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती बंदी तात्पुरती मागे घेतली. गॅलियम एवढं का लागतं? गॅलियम नायट्राइड, म्हणजे गॅलियम आणि नायट्रोजनचं संयुग, नेहमीच्या चिपमधल्या सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसतं, त्यामुळं लढाऊ विमानाच्या नव्या रडारमध्ये ते आहे आणि तुमच्या मोबाईलच्या छोट्या फास्ट चार्जरमध्येही आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. बॉक्साइटपासून अल्युमिना, म्हणजे ज्यापासून पुढं अल्युमिनियम बनतं ती पांढरी पूड, काढायची रीत कार्ल बायर या रसायनशास्त्रज्ञानं 1888 च्या सुमारास शोधली, आजही तीच चालते. बॉक्साइट दळायचं, कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात दाबाखाली तापवायचं, अल्युमिनियम विरघळतं आणि लोखंड वगैरे लाल चिखल होऊन खाली बसतं. मग ते स्वच्छ द्रावण थंड करत त्यात अल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बारीक दाणे बी म्हणून सोडायचे, त्या दाण्यांवर थर चढत जातात, मोठे झाले की गाळून भट्टीत भाजायचे. उरलेला कॉस्टिक महाग, तो टाकून कोण देणार, तो परत पुढच्या घाण्याला वापरतात.

गॅलियम आवर्त सारणीत अल्युमिनियमच्या बरोबर खालच्या घरात बसतं, सख्ख्या भावासारखं, म्हणून कॉस्टिकमध्ये तेही विरघळतं. पण दाणा धरायच्या वेळी अल्युमिनियम बाहेर पडतं आणि गॅलियम बहुतेक द्रावणातच राहतं, कारण त्याचा हायड्रॉक्साइड जरा जास्त आम्लधर्मी, कॉस्टिकची सोबत सहजासहजी सोडत नाही. दर फेरीला नवीन बॉक्साइटबरोबर आणखी थोडं येतं आणि जुन्यात भर पडते. एवढं ऐकल्यावर दाजी लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या मळीगत! साखर दाण्यात जाते, बाकीचं सगळं मळीत साठत जातंय." अगदी तसंच. असं साठत साठत लिटरला शंभर-दोनशे मिलिग्रॅमपर्यंत जातं, पण सोबत अल्युमिनियम त्याच्या काही शे पट असतं, मग त्या गर्दीतून एकट्या गॅलियमला पकडायला खास रासायनिक चिमटे बसवलेलं रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) वापरतात, त्यातून ते धुऊन काढतात, वीज सोडून धातू मिळवतात आणि मग चिपसाठी पुन्हा पुन्हा शुद्ध करतात.

म्हणजे गॅलियमची वेगळी खाण नसतेच, अल्युमिना जिथं जास्त तिथं गॅलियमची संधी जास्त. जगातला निम्म्याहून जास्त अल्युमिना चीन बनवतो, त्यानं आपल्या रिफायनऱ्यांना हे रेझिनचे प्लांट जोडत नेले, माल भरमसाट झाला, भाव पडले, आणि 2013 ते 2016 मध्ये कझाकस्तान, हंगेरी, जर्मनी एकामागून एक थांबले. अमेरिकेनं तर 1987 नंतर खनिजापासून गॅलियम काढलंच नाही. आज अशा गॅलियमचा 98 टक्के वाटा चीनचा आहे तो यामुळं. माझ्या मते अमेरिकेची खरी चूक हीच, स्वस्त मिळतंय म्हणून हातातलं काम सोडून दिलं.

जाता जाता एक. आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञानं 1871 मध्ये या न सापडलेल्या धातूला 'एका-अल्युमिनियम' म्हटलं होतं, 1875 मध्ये फ्रान्समध्ये तो सापडला. यातला 'एक' संस्कृत आहे हे खरं, पण त्यावरून ऋषींना आवर्त सारणी माहीत होती असले मेसेज फिरतात ते कृपा करून पुढं पाठवू नका. एक घर खाली, एवढ्याच अर्थानं त्यानं तो शब्द घेतला. त्याचं खरं कौतुक म्हणजे शोधणाऱ्यानं घनता 4.7 मोजली, मेंडेलीव्हनं पत्र लिहून सांगितलं की 5.9 च्या आसपास हवी, पुन्हा मोजा, आणि पुन्हा मोजल्यावर तेवढीच निघाली!

माझ्याकडं 20 ग्रॅमची एक बाटली आहे. हा धातू 29.8 अंशाला वितळतो, त्यामुळं एप्रिलच्या दुपारी कपाटातच त्याचं चकचकीत पाणी होतं, आणि डिसेंबरात हातावर घेतला की दोन-तीन मिनिटांत कडा गोल होऊन थेंब सुटतो. अल्युमिनियमच्या भांड्याजवळ मात्र नेऊ नका, आत शिरून भांडं ठिसूळ करतो. दाजींनी तो थेंब तळहातावर बराच वेळ फिरवला आणि विचारलं, "मग आता अमेरिका काय करतीय?" ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाशी करार केला, तिथल्या पश्चिम भागात अल्युमिना रिफायनरीच्या त्याच फिरत्या कॉस्टिकमधून वर्षाला 100 टन गॅलियम काढायचा बेत आहे.